उताण्याची टिटवी

मी टिटवी बोलतेय. पाणवठ्याच्या काठाने ओरडत फिरते ती नव्हे. मी विमान आहे, छोटंसं, आत माणूस न बसणारं. मला जमिनीवरून चालवतात. माझे दोन्ही पंख पसरले तर तुमच्या घरातला पलंग झाकला जाईल, आणि वजन म्हणाल तर कडेवरच्या तान्ह्या बाळाएवढं. सध्या मी एका कार्यशाळेच्या छताला दोऱ्यांनी टांगलेली आहे. खाली तारा जोडताना धूर निघतो, तो सरळ माझ्या पोटाला लागतो. त्याबद्दल तक्रार नाही. लटकणाऱ्याला विचार करायला भरपूर वेळ मिळतो, आणि विचार करावा असं माझ्याजवळ बरंच आहे.

जन्मही माझा इथलाच. लांबट खोली, वर पत्रे, भिंतीला टेकवलेले अर्धेमुर्धे पंख आणि मधोमध एक मोठं टेबल, ज्यावर कपांचे गोल डाग इतके की मूळ रंग कुणाला आठवत नाही. टेबलाच्या एका टोकाला ताई बसायची. मला आखलं तिने, कापलं तिने आणि पुढे चालवलंही तिनेच. तिच्यापेक्षा दुप्पट वयाची माणसंसुद्धा तिला ताईच म्हणायची, कारण नावाने हाक मारली की ती आधी घड्याळाकडे बघायची आणि मग तुमच्याकडे.

दुसऱ्या टोकाला अनुभवराव. ते कार्यशाळेचे प्रमुख. त्यांचं दर तिसरं वाक्य "माझा असा अनुभव आहे की" असं सुरू व्हायचं, म्हणून पोरापोरींनी हे नाव पाडलेलं. पाठीमागे काय म्हणतात ते त्यांना ठाऊक होतं, आणि माझ्या मते मनातून आवडतही होतं.

माझी खरी खुबी माझ्या नाकात आहे. ते काढता येतं. त्या जागी कॅमेरा लावा, मी पिकं बघते. औषधाची पेटी लावा, मी औषध पोचवते. भोंगा लावा, मी दवंडी पिटते. उष्णता बघणारा डोळा लावा, मी अंधारात आणि धुक्यात माणूस शोधते. ही कल्पना अनुभवरावांची, आणि ती चांगली होती, हे मला मान्य केलंच पाहिजे.

"एक विमान, कामं दहा," ते सगळ्यांना सांगायचे. "शेतावर चालेल, डाकेला चालेल, उद्या सैन्यालासुद्धा चालेल."

"नाक बदललं की प्राणीही बदलतो, काका," ताई मान वर न करता म्हणायची.

"अगं, यंत्राला कसला आलाय स्वभाव? चालवणाऱ्याला असतो."

"मग चालवणारा कोण, हे खालच्या लोकांना कसं कळणार?"

"तू फार पुढचा विचार करतेस," असं म्हणून अनुभवराव चहा मागवायचे. पुढचा विचार करणाऱ्या मुलींना आपल्याकडे हेच उत्तर मिळतं. चहाही मिळतो, पण तो त्यांनीच करायचा असतो.

नावावरूनही वाद झाला. माझी मोटर तापली की मधूनच कर्कश 'टिर्र टिर्र' करते, म्हणून ताईने मला टिटवी म्हटलं. अनुभवरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. "टिटवी अशुभ. तिचा आवाज घरावरून गेला की लोक घाबरतात."

"ती धोका दिसला की ओरडते, काका. ओरडणारी कुणाला आवडत नाही, एवढंच आहे ते."

"बरं बाई. टिटवी निघाली समुद्र आटवायला," ते म्हणाले, आणि नाव ठरलं.

माझी पहिली कामं साधीच होती. कुणाच्या शेतात कीड कुठून शिरली, धरणाच्या भिंतीला भेग आहे का, कारखान्याच्या छपराचे किती पत्रे उडाले. मला ताई हाताने फेकायची. चार पावलं धावत यायची, खांद्यावरून भिरकवायची, आणि मी खाली घसरते न घसरते तोच वारा मला उचलून घ्यायचा. खालून माणसं तोंडं वर करून बघायची. वरून बघणाऱ्याला माणसाचा एक स्वभाव पटकन कळतो: काही न कळणारी वस्तू आकाशात दिसली की माणूस आधी हात हलवतो. घाबरणं त्याला नंतर शिकवावं लागतं.

एकदा माझ्या नाकाला भोंगा लावून डोंगरातल्या वस्त्यांवर लसीकरणाची दवंडी द्यायला पाठवलं. अनुभवरावांनीच आवाज दिला होता, खणखणीत. बकऱ्या अशा उधळल्या की लस राहिली बाजूला, अख्खी वस्ती दिवसभर बकऱ्या गोळा करत फिरली. त्यानंतर भोंगा पेटीत गेला तो गेलाच.

त्याच डोंगरात मला माझा माणूस भेटला.

तो मेंढपाळ होता. एक मेंढी चुकली म्हणून घळीत उतरला आणि परत आला नाही. वस्तीतली माणसं शोधत फिरत होती, मी वरून फिरत होते. पण वरून शोधणं वाटतं तितकं सोपं नसतं. उभा माणूस वरून दिसतो तो फक्त डोकं आणि दोन खांदे. दगडांत आणखी एक दगड. शोधणारेच मला धड दिसत नव्हते, तर हरवलेला काय दिसणार? ताई पडद्याला नाक लावून बसली होती आणि डोळे चोळत होती.

मग घळीच्या तोंडाशी एका सपाट कातळावर एक आकृती दिसली. हात पसरलेले, पाय लांब, चेहरा थेट माझ्याकडे.

"हा बघा! अख्खा माणूस!" ताई इतक्या जोराने ओरडली की शेजारच्याच्या हातून कप पडला.

पाय मोडला होता त्याचा. सरपटत उघड्यावर आला होता आणि दम संपल्यावर पाठीवर पडून राहिला होता. पाळणा करून त्याला खाली आणलं, तेव्हा ताईने त्याची पाठ थोपटली. "शाबास. बरं झालं असे झोपलात, म्हणून दिसलात."

"दिसायला कोण झोपलंय, पोरी?" तो कण्हत म्हणाला. "मी मरायला झोपलो होतो. तुम्हीच मध्ये कडमडलात."

त्या दिवशी ताईला जे सुचलं त्यातून पुढचं सगळं घडलं, चांगलंही आणि वाईटही. पाय बरा होताच तिने त्याला बरोबर घेतलं आणि डोंगरातल्या वस्तीवस्तीत फिरली. एकच धडा द्यायचा: टिटवीचा आवाज आला आणि तुम्ही अडचणीत असाल, तर उभं राहून हात हलवू नका. उघड्यावर या, पाठीवर झोपा, हात पसरा. झोपलेला माणूस वरून उभ्या माणसाच्या कितीतरी पट मोठा दिसतो.

बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. "ताई, सासूसमोर असं लोळायचं होय?"

"सासूलाही लोळवा," ताई म्हणायची. "तीही हरवू शकते."

"आमच्या नशिबात कुठलं," मागून कुणीतरी पुटपुटायचं, आणि मग सगळ्यांचा हसण्याचा धबधबा.

मेंढपाळ प्रात्यक्षिक करून दाखवायचा. लंगडत मधोमध यायचा, काठी बाजूला ठेवायचा आणि धाडकन उताणा. त्याला नावच पडलं, उताणा. त्याची लेक डोंगरावर गवत कापायची, जिभेने विळ्याइतकीच धारदार. ती म्हणायची, "दिवसभर लोळायला निमित्त मिळालं आमच्या बाबांना. आधी आई ओरडायची, आता सरकारी मान्यता आहे."

पण धडा लागला. पुरात अडकलेलं एक जोडपं त्यामुळे सापडलं. धुक्यात वाट चुकलेली शाळेची मास्तरीण सापडली. तिने तर तोऱ्यात ताईला विचारलं, "हात सरळ होते ना माझे?" माझ्या आवाजाने लोक घरातून बाहेर यायला लागले. जिचं ओरडणं अशुभ, तिच्या आवाजाची लोक वाट बघत होते. याहून मोठं सुख मला माहीत नाही.

आणि उताणा? तो हरवलेला असो नसो, मी वरून गेले की जिथे असेल तिथे काठी खाली ठेवायचा आणि पाठीवर पडून हात पसरायचा. मला सलाम ठोकायची ती त्याची रीत होती. ताई पंख डावी-उजवीकडे हलवून उत्तर द्यायला लावायची. अनुभवराव कुरकुरायचे, "बॅटरी वाया जाते." ताईने ते कधी ऐकलं नाही. मीही ऐकलं नसतं.

मग खिंडीत गडबड सुरू झाली. पलीकडून हत्यारं घेऊन माणसं येतात, असं म्हणत होते. डोंगराच्या पायथ्याला छावणी पडली. एक दिवस गणवेशातली माणसं कार्यशाळेत आली. सभ्य होती, चांगलं बोलली. एका अधिकाऱ्याने माझ्या पंखावरून हात फिरवला आणि म्हणाला, "हिच्यासारखीच हवी आहे आम्हाला." अनुभवरावांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं गेलं.

ती माणसं गेल्यावर ताई उभी राहिली. "काका, द्यायची तर द्या. नाही म्हणता येणार नाही हे मलाही कळतं. पण एक गोष्ट त्यांना सांगितलीच पाहिजे. तिकडची माणसं हिचा आवाज ऐकून झोपतात."

"सांगतो."

"ते लोक पडून राहिलेल्या माणसाला काय समजतील? दबा धरून बसलाय असंच समजतील ना? मी येते. मीच समजावून सांगते."

"तू भांडशील."

"भांडेन. त्यात काय?"

"सांगतो म्हटलं ना! तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी या लोकांशी बोलतोय. आणि हो, ती तिकडे दिलीय हे वस्तीत कुणाला कळता कामा नये. तसा हुकूम आहे."

मला पेटीत घालून छावणीत नेलं. तंबूतल्या घडीच्या टेबलावर ठेवलं. समोर खुर्च्या, कप, बिस्किटं. अनुभवरावांनी मोकळेपणाने सगळं सांगितलं: बॅटरी किती टिकते, वारा कुठल्या बाजूने आला की त्रास होतो, नाक कसं बदलायचं. अधिकारी लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी एकाने विचारलं, "आणखी काही लक्षात ठेवण्यासारखं?"

अनुभवरावांनी तोंड उघडलं. मी समोरच होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. गोष्ट त्यांच्या अगदी ओठावर आली होती. पण त्या इस्त्रीच्या गणवेशांसमोर, इतकं शहाण्यासारखं बोलून झाल्यावर, 'डोंगरातली माणसं विमान बघून जमिनीवर लोळतात' हे कसं सांगायचं? हसले असते कदाचित. कुणाचं तरी हसू सोसावं लागलं असतं, तेही घोटभर.

"नाही," ते म्हणाले. "बाकी सगळं सोपं आहे."

मी टेबलावर पडून होते. मला कॅमेरा दिलाय, भोंगा दिलाय, पण जिथे बोलायला हवं होतं तिथे वाचा नव्हती. वाचा ज्याला होती तो बिस्किट चहात बुडवत होता.

इकडे ताई गप्प बसली नव्हती. हे मला पुढे तिच्या आणि उताण्याच्या लेकीच्या बोलण्यातून कळलं. हुकूम गेला खड्ड्यात म्हणून ती वस्तीत गेली, लेकीला बाजूला घेऊन म्हणाली, "मी सांगितलं असं कुणाला सांगू नकोस. पण आता तिचा आवाज आला तर झोपायचं नाही. झाडाखाली, कपारीत, घरात, कुठेही जायचं. उघड्यावर राहायचं नाही."

"का? काय झालं तिला?"

"नाक बदललंय."

लेकीने फिरून विचारलं नाही. घरोघर सांगत फिरली. लोकांनी ऐकलं. एक जण सोडून.

"मला शिकवतेस?" उताणा म्हणाला. "ही विद्या काढली कुणी? माझ्या मोडक्या पायाने काढली!"

"बाबा, आता ती आपली नाही राहिली. वेगळी झालीय."

"आवाज तोच ना?"

"आवाज तोच, पण—"

"मग तीच. मला मरणाच्या दारातून आणलं तिने. तिला बघून मी दगडाआड लपू? अगं, माणसाला काही लाजलज्जा?"

लेक डोकं आपटून थकली. म्हाताऱ्यांचं हे असं असतं. स्वतः शिकवलेलं दुसऱ्याने सुधारलं की त्यांना तो अपमान वाटतो. अनुभवराव काय आणि उताणा काय, एकाच मातीची मडकी. फरक एवढाच की एकाच्या हट्टाची किंमत दुसऱ्याने दिली.

मग एका संध्याकाळी मला छावणीतून खिंडीकडे सोडलं. नाकात उष्णता बघणारा डोळा होता. तो डोळा कसा असतो सांगते. त्याला चेहरा दिसत नाही, कपडे दिसत नाहीत, वय दिसत नाही. थंड जमीन काळी, गरम अंग पांढरं, बस्स. उजेड उतरला होता आणि मी अनोळखी हातांच्या इशाऱ्याने फिरत होते. वायरलेसवर तंबूतलं बोलणं मला ऐकू येत होतं.

कुरणाच्या कडेला एक पांढरी आकृती चालत होती. चालणं एका बाजूला झुकणारं, लंगडं. मी ते चालणं ओळखलं.

माझी मोटर तापली होती. टिर्र टिर्र झालं.

आकृती थांबली. हातातलं काहीतरी लांबट बाजूला ठेवलं. मग आडवी झाली आणि हात पसरले.

"पडला," तंबूतला आवाज म्हणाला. "आपल्याला ऐकून पडला, साहेब. शेजारी लांब काहीतरी आहे."

"पालथा आहे?"

त्या प्रश्नावर सगळं टेकलं होतं. पालथा म्हणजे हत्यार रोखून पडलेला. उताणा म्हणजे उताणा. साधा कॅमेरा असता तर दोन पसरलेले तळवे दिसले असते, आणि मला माहीत आहे, हसणारं तोंडही दिसलं असतं. पण माझ्या त्या डोळ्याला पोट आणि पाठ यांत फरक कळत नाही. दोन्ही सारखीच गरम असतात.

"तसंच वाटतंय, साहेब. हलत नाही."

तो कसा हलेल? ताईनेच शिकवलं होतं, टिटवी बघत असताना हलायचं नाही, चित्र धूसर येतं. तो वाट बघत होता. मी पंख हलवण्याची वाट बघत होता.

ज्यांच्या हातात मी होते, त्यांना ही रीत ठाऊक नव्हती. मी सरळ उडत राहिले. डोंगराच्या पाठीमागून तोफेचा एकच आवाज आला.

नंतर चौकशी झाली. छावणीतून निरोप आला, 'दुर्दैवी घटना.' मला परत पाठवलं, पुसून, पेटीत नीट बसवून. इतकी स्वच्छ मी कधीच नव्हते.

उताण्याची लेक कार्यशाळेत आली तेव्हा मी टेबलावर होते. ताई तिच्यासमोर उभी होती. अनुभवराव खिडकीपाशी पाठमोरे.

"बाबा झोपले होते ना?" लेकीने विचारलं.

ताईने हो म्हणून मान हलवली.

"वाटलंच मला. ऐकायचे नाहीत कुणाचं." ती रडली नाही. तिने माझ्याकडे बघितलं. "हीच का?"

"हीच," ताई म्हणाली. मग वळली. "काका, तुम्ही त्यांना सांगितलं होतं ना?"

अनुभवराव वळले नाहीत. "विषय निघालाच नाही," ते म्हणाले.

"विषय निघत नसतो, काका!" ताईचा आवाज पत्र्यावर आदळून परत आला. "काढावा लागतो!"

मी त्यांचा राग करायचा खूप प्रयत्न केला आहे. पण त्या दिवशी त्यांच्या हातातला चहा कधीच निवला होता आणि कप खाली ठेवायचंसुद्धा त्यांना सुचत नव्हतं. ते दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर बरं झालं असतं, दुष्टापासून लोक सावध तरी राहतात.

गोष्ट इथे संपली असती तर ती एका माणसाच्या मरणाची गोष्ट झाली असती. पण माझ्या नशिबात अजून एक उड्डाण होतं.

खिंड शांत झाली, छावणी उठली. मग एका दुपारी डोंगराची एक बाजू घसरली. गवत कापायला गेलेल्या बायकांची वाट मधोमध तुटली. बाकीच्या लांबच्या रस्त्याने घरी पोचल्या. उताण्याची लेक पोचली नाही.

ताईने मला उचललं. माझं जुनं, दिवसा बघणारं नाक लावलं. अनुभवरावही आले, कुणी बोलावलं नसताना, आणि अँटेना धरून उभे राहिले. ताईने चार पावलं धावत मला फेकलं, आणि वर गेल्यावर मला जुना आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मला वाटलं, ही माझी भरपाई. बापाला नेलं, लेकीला आणेन.

घसरलेल्या मातीवर मी फेऱ्या घातल्या. कातळ, गवत, उपटलेली झुडपं. कुणी नाही. कुणी पडलेलं नाही, कुणी हात पसरलेले नाहीत. मग एका मोठ्या कपारीच्या तोंडाशी ओढणीचं टोक दिसलं आणि लगेच आत गेलं.

"आहे!" ताई ओरडली. "जिवंत आहे! खाली घेते."

मी खाली गेले. कपारीच्या तोंडाशी एक पाऊल होतं. तेही आत ओढलं गेलं. वरच्या कडेवरून ओली माती गळत होती, आधी बारीक, मग ढेकळं. आत जाणं म्हणजे त्या मातीखाली जाणं. मी वळून पुन्हा आले. ती आणखी आत सरकली. मी जितकी शोधत होते, तितकी ती मरणाच्या जवळ जात होती.

"अजून खाली घे," अनुभवराव म्हणाले. "तिला दिसली नसेल. माझा असा—" आणि ते मध्येच थांबले.

ताईने पडद्यावरून हात काढला होता. "तिला दिसलीय, काका," ती हळूच म्हणाली. "ती लपतेय. मीच सांगितलंय तिला."

मग तिने जे केलं ते कुठलीही चालवणारी स्वतःच्या विमानाला करत नाही. घरी परत आणायला वेळ नव्हता. आणता आणता माझा आवाज अख्ख्या दरीत घुमत राहिला असता. तिने मला तिथेच, समोरच्या दगडगोट्यांत आपटलं आणि मोटर बंद केली.

डावा पंख मोडला. कॅमेरा चिखलात रुतला. मला काही दिसेना, फक्त ऐकू येत होतं. इतकी शांतता मी कधीच ऐकली नव्हती, कारण मी जिथे असते तिथे ती नसते. मातीची ढेकळं पडत होती. खूप वेळाने खालून ताईची हाक आली, ती धावत चढत होती, दम लागलेला. तिने लेकीला हाका मारल्या, पुन्हा मारल्या.

कपारीतून आवाज आला. "गेली का ती?"

"गेली. मी पाडली तिला."

"नक्की?"

"नक्की. ये बाहेर. पटकन ये."

"मग येते," लेक म्हणाली, आणि मला दगडांवरून चपलांचा आवाज ऐकू आला.

ती वाचली. मला त्याचा आनंद आहे, अगदी मनापासून. पण विचार करा, ज्या माणसाला मी वाचवायला गेले, तो मी मेल्याशिवाय बाहेर येईना, हे विमानाने कुणाला सांगायचं?

तेव्हापासून मी इथे टांगलेली आहे. पंख सांधलाय, पण उडण्याजोगा नाही. आता डोंगरात कुणी हरवलं की ताई पायी जाते, बरोबर वस्तीतली माणसं. अनुभवराव जात नाहीत, त्यांचे गुडघे गेलेत, पण जाणाऱ्यांना ते आता काहीच सांगत नाहीत, नुसते पाण्याच्या बाटल्या भरून देतात. पायी शोधायला वेळ लागतो. माणसं उशिरा सापडतात. एक जण फार उशिरा सापडला. मी असते तर, असं कुणीतरी टेबलाशी म्हणालं, आणि ताईने त्याच्याकडे असं बघितलं की पुढचं वाक्य त्याने गिळलं.

टेबलावर सध्या माझी धाकटी बहीण तयार होतेय. तिची मोटर आवाजच करत नाही. नवीन लोकांना त्याचा फार अभिमान आहे. ती वर आहे हे खाली कुणाला कळणारसुद्धा नाही, असं ते हसत हसत सांगतात. ताई त्यांच्याशी रोज भांडते. वयाने आता तीच त्यांच्यात मोठी आहे, आणि कधी कधी बोलता बोलता तीही म्हणून जाते, "मी सांगते ना, मी हे बघितलंय." मग स्वतःच चपापते.

माझं मागणं फार नाही. आम्हाला बनवू नका असं मी म्हणणार नाही. माझ्यामुळे जोडपं घरी गेलं, मास्तरीण शाळेत गेली, ते खरं आहे. नाकंही हवी ती लावा, तुम्ही ऐकणार नाही हे मला माहीत आहे. पण आम्हाला सोडण्याआधी कुणीतरी स्वतःच्या पायांनी वर चढून जा. दारोदार सांगा, की उद्या तुमच्या डोक्यावरून येणार आहे ती कोण, कशासाठी येतेय आणि तिला कोण चालवतंय. कुणी हसलं तर हसू द्या.

आणि ते जर म्हणाले, 'नको,' तर मला इथेच राहू द्या. धूर सोसेन मी.